नमुना नंबर चौदा आणि आमची थोरली

आमच्या घरात पणजीचा म्हाळ अविधवा नवमीला घालतात. त्यावरून कळतं ते एवढंच की ती सवाष्ण गेली, नवऱ्याच्या आधी गेली. कधी गेली ते मात्र कळत नाही, कारण नवमी ही तिच्या मरणाची तिथी नाहीच, पितृपक्षातली ती नवमी अशा गेलेल्या सगळ्याच बायकांची. बऱ्याच घरांत नवरा वारला की ही नवमी बंद करतात पण आजोबांनी त्यांचे वडील गेल्यावरही ती सोडली नाही, हयात असेपर्यंत घातली आणि नंतर बाबांनी चालू ठेवली. घरात तिला 'थोरली' म्हणायचे, म्हणजे पणजोबांची पहिली बायको. दुसरी आली तिने आजोबांना वाढवलं, तिचं नाव, माहेर, ती गेली ती तारीख, सगळं आम्हाला पाठ आहे. थोरलीचं नाव मात्र आज जिवंत असलेल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं. ती मानमोडीत गेली आणि तेव्हा आजोबा अंगावर पीत होते, एवढंच चुलत आजी सांगायची.

मी वंशावळ लिहायला घेतली तेव्हा पुरुषांची नावं भराभर सापडत गेली. सात पिढ्या मागे जाता येतं हो. सातबारा आहे, फेरफार म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी आहेत, त्यात अमुक बिन तमुक असं लिहिलेलं असतं, मुलगा बाप आजोबा अशी साखळी एकाच ओळीत मिळून जाते. आणि आमच्या कोल्हापूरच्या बाजूला हेळवी येतात, सुगी झाली की बैलावर बसून यायचे, घराण्याची वंशावळ म्हणून दाखवायचे आणि धान्य घेऊन जायचे, त्यांच्या वह्यांतसुद्धा पुरुषांची नावं बिनचूक असतात. बायका कुठून आल्या आणि कधी गेल्या हे शोधायला बसलं की मग खरं काम सुरू होतं, आणि मला ते काम थोरलीनेच लावलं असं मी मानते.

आधी मानमोडीचं सांगते कारण त्यावरूनच साल धरता येतं. १९१८ सालची इन्फ्लुएन्झाची साथ, तिला आपल्याकडची जुनी माणसं मानमोडी म्हणत. जूनमध्ये मुंबईत पहिली लाट आली, ती मानाने सौम्य होती, पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जी दुसरी आली तिने माणसं अक्षरशः कापून काढली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. आणि त्या साली पाऊसही पडला नव्हता, म्हणजे घरात धान्य नाही आणि अंगात ताप. देशभरात किती गेले याचे अंदाज वेगवेगळे आहेत, सव्वा कोटीपासून पुढे दोन कोटींपर्यंत, पण जनगणनेत एक गोष्ट स्पष्ट दिसते की १९११ पेक्षा १९२१ ला देशाची लोकसंख्या कमी भरली, आणि असं आपल्या जनगणनेच्या इतिहासात त्या एकाच दशकात झालं. यात वीस ते चाळीस वयाची माणसं जास्त गेली, आणि बायका पुरुषांपेक्षा जास्त. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ सुन्न बसून होते, कारण आमची थोरली तंतोतंत त्यातली. वीस-बावीसची, लेकुरवाळी.

मग नोंद कुठे असणार? आपल्याकडे थडगी नाहीत. लिंगायतांच्या समाध्या असतात, ख्रिश्चन-मुसलमानांची दफनभूमी असते, गोव्यात तर जुन्या चर्चच्या रजिस्टरांत मेलेल्या माणसाचे आईबाप, नवराबायको कोण ते सगळं लिहिलेलं सापडतं. आपण तिसऱ्या दिवशी रक्षा सावडतो, नदीत सोडतो आणि तिथे काहीच उरू देत नाही. आणि पत्रांचं तर अजूनच वाईट. मयताची बातमी कळवायचं कार्ड एक कोपरा फाडून पोस्टात टाकायचे, म्हणजे बघताक्षणी कळावं की आत काय आहे, आणि वाचून झालं की ते कार्ड फाडून टाकायचे, घरात ठेवायचं नाही असा कडक नियम. आजोबांच्या ट्रंकेत लग्नाची बोलावणी, मनिऑर्डरच्या पावत्या, अगदी खताच्या बिलापर्यंत सगळं आहे पण एकाही माणसाच्या मरणाचं पत्र नाही.

पेपरचं म्हणाल तर १९१८ ला पेपरमधल्या निधनवार्ता म्हणजे वकील, सावकार, शाळामास्तर, पुढारी. केसरी १८८१ पासून आहे, पुण्या-मुंबईतलं आणि शिकलेलं घराणं असेल तर जुने अंक चाळून खूप काही मिळू शकतं, आमच्या कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, अशा जुन्या वाचनालयांत जाऊन बसायलाच पाहिजे. पण पन्हाळ्याच्या बाजूच्या एका वाडीतली शेतकऱ्याची सून तिथे कशाला सापडेल? 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे' हे वाक्य आपल्या डोळ्यांना इतकं सवयीचं झालंय, पण सर्वसामान्य माणसाच्या नावापुढे ते छापून यायला लागलं ते खूप नंतर, जिल्ह्याच्या पेपरांना गावोगाव वार्ताहर मिळाले तेव्हा.

तर उरतो गाव नमुना नंबर १४. ज्यांनी कुणबी दाखल्यासाठी धावपळ केलीय त्यांना हा नंबर झोपेतसुद्धा आठवेल. गावच्या जन्ममृत्यूची नोंदवही. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि त्यानंतर राज्यभर रेकॉर्ड रूम उघडल्या गेल्या, वर्षानुवर्षं कापडात बांधून ठेवलेले दप्तराचे रुमाल सुटले, मोडी वाचणाऱ्यांना बोलावून बोलावून आणलं, बऱ्याच जिल्ह्यांनी सापडलेल्या नोंदी स्कॅन करून वेबसाईटवर टाकल्या. माझ्यासारखीला हे फार मोठं घबाड होतं. लोक त्या पानांवर एकच कॉलम बघत होते, जातीचा, आणि त्यांची गरज मला कळते, पोराच्या ॲडमिशनचा, नोकरीचा प्रश्न असतो. पण ती पानं बघताना मला सारखं वाटायचं की अरे या प्रत्येक ओळीत एक माणूस गेलंय किंवा एक बाळ जन्मलंय, त्याच ओळीत वय आहे, काय होऊन गेलं ते आहे, ते पण कुणीतरी वाचा की.

कुणाला शोधायचं असेल तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, की नोंद कुठल्या काळातली त्यावर ती कुठे मिळणार ते ठरतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा आत्ताचा कायदा १९६९ चा, महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला, तेव्हापासूनच्या नोंदी गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात नगरपालिका-महापालिकेत. त्याच्या मागच्या जुन्या नोंदी बघायच्या तर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला जावं लागतं. १९६९ च्या कायद्यात कलम १७ आहे, त्याप्रमाणे फी भरून कुणीही नोंदीचा शोध मागू शकतो, उतारा मागू शकतो. फक्त मृत्यूचा जो उतारा मिळतो त्यात मरणाचं कारण दाखवत नाहीत, कायद्यातच तसं आहे. म्हणून कारण हवं असेल तर जुनी रजिस्टरं आणि घरच्या माणसांची आठवण यांचाच आधार.

तहसीलला मी कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला. तिथले काका पहिल्यांदा म्हणाले, "दाखल्यासाठीच ना ताई? जातीचा कॉलम तेवढा दावतो, झेरॉक्स मारा." मी म्हटलं, "न्हाई काका, माझ्या पणजीला शोधतीया, मानमोडीत गेली ती." ते थांबले. मग म्हणाले, "आमचीबी आज्जी त्यातच गेली म्हणं." त्यानंतर त्यांनी रुमाल स्वतः सोडून दिला, टेबलावरची फाईल बाजूला सारून जागा करून दिली, आणि मधूनमधून येऊन विचारायचे, घावली का. कुठल्या तरी दुसऱ्या एका ऑफिसात मला जुनं काही नाहीच, पावसात गेलं असं न बघताच सांगितलं होतं, त्यामुळे या माणसाचं मला फार अप्रूप वाटलं.

रजिस्टर मोडीत. मोडी मी त्याआधी शिकून घेतली होती, पुराभिलेख खात्याचे वर्ग असतात, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात पण शिकवतात. छापील अक्षरओळख झाली म्हणजे रजिस्टर वाचता येतं असं नाही हे मात्र सांगून ठेवते. आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतलेल्या, मग त्यांना लटकत लेखणी न उचलता लिहीत गेलेलं, शब्द कुठे तुटतो ते आपणच ठरवायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. पण गावाची नावं, आडनावं आपल्या ओळखीची असतात ना, ती धरून धरून पुढे जाता येतं. तारखांचं पण तसंच. कुठे इंग्रजी तारीख, कुठे शके, महसुली कागदांत फसली. शके असेल तर ७८ मिळवायचे, जानेवारी ते पाडवा या काळात ७९. फसली साल जूनपासून चालतं, त्यात ५९० मिळवायचे आणि जानेवारी लागला की ५९१. म्हणजे १९१८ चा आश्विन म्हणजे शके १८४०, फसली १३२८. त्या वर्षी दिवाळीची अमावास्या ३ नोव्हेंबरला होती, म्हणजे पहिले चार-पाच दिवस सोडले तर अख्खा ऑक्टोबर आश्विनातच गेला, नवरात्र, दसरा, कोजागिरी सगळं त्या साथीतच आलं.

त्या वर्षी आमच्या संस्थानात अजून एक गोष्ट चालू होती. शाहू महाराजांनी १९१८ मध्येच कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले. पिढ्यान्‌पिढ्या एका घरात असलेलं गावचं दप्तर नव्या माणसांच्या हातात आलं आणि त्यांनी लेखणी नीट धरायच्या आत साथ आली. हे मी दप्तर बघताना डोक्यात ठेवून बघत होते. आमच्या गावच्या पानांवर भाद्रपदापर्यंत महिन्याला चार-सहा ओळी, अक्षर मोठं, निगुतीने लिहिलेलं. मग आश्विन लागतो आणि पान भरून जातं, पाठपोट भरतं, पुढचं भरतं. एकाच घरातली सासू, सून, तान्हं पोर लागोपाठच्या ओळीत. कारणाच्या कॉलममध्ये 'ताप', 'ताप', 'ताप'. इंग्रजी अमदानीत मरणाची कारणं ठरलेल्या खान्यांत टाकायचे, पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे रोग, अपघात, इतर. नव्या साथीला खाना नव्हताच, ती तापात गेली. म्हणून तुम्ही १९१८ च्या रजिस्टरात इन्फ्लुएन्झा शब्द शोधायला जाल तर बहुतेक सापडणार नाही, आकडा एकदम कुठे चढतो तेच बघायचं. आमच्या रजिस्टरात मधेच एका ठिकाणी अक्षर बदललंय. दुसराच कुणीतरी लिहायला बसलाय, आणि सात-आठ पानांनी पहिलं अक्षर परत येतं. मला वाटतं लिहिणारा स्वतःच अंथरुणाला खिळला असणार. तो उठून परत लिहायला बसला याचं मला इतकं बरं वाटलं की मी ते पान उगाचच दोनदा वाचलं.

आणि त्याच पानांत पणजोबांचं नाव सापडलं. बिन म्हणून पुढे त्यांच्या बापाचं नाव, ते आमच्या वंशावळीशी जुळतं. आणि पुढे 'बायको'. वय वीस. ताप. बस. नाव नाही. मी वरच्या खालच्या ओळी बघितल्या, पुरुषांची नावं आहेत, चार वर्षांच्या मुलाचं नाव आहे, आणि बायका बहुतेक सगळ्या अमक्याची बायको, तमक्याची आई, फलाण्याची सून. लिहिणाऱ्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही, दिवसाला इतकी माणसं जाताना त्याने निदान ओळ तरी लिहिली. पण राग आला, तो राग अजून आहे. माझ्या आजोबांची आई होती ती.

काकांनी विचारलं, घावली का. मी म्हटलं, घावली पण नाव न्हाई. ते म्हणाले, "नावाला जमिनीचं कागद बघा. जिथं जमीन आसती तिथं नाव आसतं." सगळ्या शोधात मला मिळालेला हा सगळ्यात कामाचा सल्ला.

कारण ही सगळी दप्तरं मेलेल्यासाठी लिहिलेलीच नव्हती. मागे राहिलेल्यांचं काय देणंघेणं आहे त्यासाठी लिहिली होती. शेतकरी मेला तर सारा कोण भरणार हा प्रश्न येतो म्हणून वारस नोंद होते, गाव नमुना ६-क मध्ये मयताचं नाव, मेल्याची तारीख, वारस कोण, असं सगळं चढतं आणि मग फेरफार पडतो. थोरलीच्या नावावर काहीच नव्हतं, तिच्या जाण्याने कुणाचा सारा बदलला नाही, कुणाचा हक्क हलला नाही, म्हणून सरकारी कागदाला तिच्या नावाची गरजच पडली नाही. मग तिच्या नावाची गरज कुणाला कधी पडली असेल, याचा विचार करायला लागले.

बाबांच्या बोलण्यात कधीकधी यायचं की आजोबांना 'मामाच्या वाटचं' एक शेत मिळालं होतं, विहिरीच्या खर्चासाठी ते पुढे विकलं. हे मी लहानपणापासून ऐकत होते पण त्याच्याकडे या दृष्टीने कधी बघितलं नव्हतं. मामा म्हणजे थोरलीचा भाऊ! गावाचं नाव बाबांना माहीत होतं. त्या गावचा सातबारा काढला, सातबाऱ्यावर नावांच्या शेजारी वर्तुळात फेरफार नंबर असतात, त्यातला एक धरून त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा, असं करत मागे जायचं. शासनाने आता बरेच जुने फेरफार स्कॅन करून आपले अभिलेख या पोर्टलवर टाकलेत, मिळाले तर घरबसल्या मिळतात, नाहीतर परत नकलेचा अर्ज. मला अर्जच करावा लागला.

साठच्या दशकातला फेरफार आहे तो. खातेदार मयत, मूलबाळ नाही, पत्नी पूर्वीच मयत, भाऊ नाही. आणि पुढे: बहीण, तिचं नाव, कोम (म्हणजे अमक्याची बायको) आमच्या पणजोबांचं नाव, राहणार आमचं गाव, ही सुमारे चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी मयत, तिचा मुलगा अमुक हा एकटाच वारस. खाली पंचांच्या सह्या-अंगठे आणि आजोबांची सही, त्यांची ती वळणदार, शेवटच्या अक्षराला शेपूट काढलेली.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात बहिणीच्या मुलाला वारसांच्या यादीत जागा मिळाली, बरीच खालची जागा आहे, पण त्या मामाला त्याच्या वरचं कुणीच उरलं नव्हतं. त्या हक्कासाठी आजोबांना सिद्ध करावं लागलं की आपण या बाईच्या पोटचे. म्हणजे मेल्यावर चार-साडेचार दशकांनी पहिल्यांदा तिचं नाव सरकारी कागदावर आलं. आजोबांनी तलाठ्यासमोर उभं राहून आईचं नाव सांगितलं असणार, आणि घरी येऊन परत थोरलीच म्हणत राहिले. का ते मला कळत नाही. कदाचित जिने वाढवलं तिला वाईट वाटू नये म्हणून असेल, ती तेव्हा हयात होती.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही, घरातल्या काहींना अजून सांगायचं आहे, आणि एक कोडं पण सुटायचं आहे. हे माहेरच्या गावच्या पंचांनी सांगितलेलं नाव, आणि आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत होती, म्हणजे आमच्या घरात तिला हाक मारायचे ते नाव वेगळं असण्याचीच शक्यता जास्त. या वर्षीच्या नवमीला बाबांनी माहेरच्या नावाने पान वाढलं. आत्या म्हणाली, "अगं पण ह्या नावानं ती ओळखंल का?" बाबा म्हणाले, "तिच्या आईबापानं ठेवलेलं हाय, ओळखंल की."

सासरच्या नावासाठी आता पंढरपूर उरलंय. पणजोबा वारी करायचे. पंढरपूरला, नाशिकला, त्र्यंबकेश्वरला क्षेत्रोपाध्यांच्या वह्या असतात, गावाप्रमाणे आणि आडनावाप्रमाणे लावलेल्या, गेलेला माणूस तिथे स्वतःच्या हाताने किंवा सांगून लेख करून देतो, आपण कोण, बाप कोण, भाऊ किती, बायको कोण, कुणाचं कार्य करायला आलो. अशा वह्यांत बायकांची नावं सरकारी दप्तरापेक्षा जास्त सापडतात असं मला आतापर्यंत दिसलंय, कारण पिंड द्यायचा तर नाव घ्यावं लागतं. तुम्ही जाणार असाल तर मूळ गाव आणि आडनाव पाठ करून जा, आत्ता जिथे राहता ते शहर सांगून काही उपयोग नाही. एकादशीच्या गर्दीत जाऊ नका, उपाध्यांना तेव्हा मान वर करायला वेळ नसतो. आणि दक्षिणा दिल्यावर आपला पण लेख लिहून द्या, त्यात घरातल्या बायकांची दोन्ही नावं घाला, माहेरचं आणि सासरचं. मी आईची, आत्याची, दोन्ही काकूंची, बहिणीची अशी यादी तयार करून ठेवलीय. कार्तिकी झाली, गर्दी ओसरली की बाबांना घेऊन जाणार आहे.